सारंगला शिक्का समजावताना

मुसफ्फा. रात्रीचे साडेदहा, गच्चीवर अजून त्रेचाळीस अंश.
दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करून आलेला
मुजफ्फर सारंग उलट्या बादलीवर बसतो, विचारतो,
"तीन पगार घातले नाण्यांत. आता तरी सांग,
हॅश म्हणजे काय?"

आधी विचारायचंस, असं मी म्हणत नाही.
मी स्टोअरकीपर. मला उदाहरणं सुचतात, सल्ले नाही.

समज, खालच्या गल्लीतली मसाल्याची चक्की.
धणे, मिरची, दगडफूल टाकलंस, पूड आली.
आता त्या पुडीतून धणे वेचून दाखव.
जायला वाट आहे, यायला नाही.
पण थांब, चक्की इथेच लंगडते.
तिच्यात किलो टाकलं तर किलोच निघतं.
यात एक अक्षर टाक, नाहीतर
कंपनीचा अख्खा करारनामा टाक,
बाहेर चौसष्टच खुणा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ.
शिवाय चक्कीत एक मिरी जास्त पडली
तर कुणाच्या जिभेला कळतं?

इथे कळतं.
दाभोळच्या शाळेतल्या कर्णिकबाई आठव,
वेलांटी चुकली की अर्धा गुण कापायच्या.
हे यंत्र अर्ध्यावर भागवत नाही.
हे बघ, 'पाणी आलं' लिहिलं. हा शिक्का.
आता 'पाणि आलं'.
बघ, ओळखीचं काही उरलं का?
एखादा आकडा जुळलाच तर निव्वळ योगायोग.
वेलांटी सुधारली,
आणि पहिला शिक्का जसाच्या तसा परत.

मोइदुक्काच्या दुकानातली उधारीची वही आठवते?
कुणीतरी तुझ्या नावापुढच्या तीनचा आठ केला होता,
आणि तू शपथा घेत उभा होतास, दुधाची पिशवी हातात.
समज, प्रत्येक पानाच्या माथ्यावर
मागल्या पानाचा शिक्का लिहिलेला असता.
तीनचा आठ झाला की त्या पानाचा शिक्का फिरला,
पुढच्याचा माथा खोटा पडला,
तो खरा करायला जावं, तर त्याच्या पुढचा.

"चोर सगळीच पानं नव्यानं लिहील की."

लिहील. म्हणून अट असते,
शिक्क्याच्या सुरुवातीला इतकी इतकी शून्यं हवीत.
पानाच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचा, शिक्का बघायचा.
नाही आली शून्यं? दुसरा आकडा. तिसरा.
इथे हुशारी चालत नाही, वशिला चालत नाही,
नुसतं चाचपडणं, अब्जावधी वेळा,
वीज खात, तापत, यंत्रांच्या रांगाच्या रांगा.

सारंग पहिल्यांदा हसतो.
"म्हणजे तिथंही गारवा द्यायला माझ्यासारखाच लागणार."

मग लगेच, "म्हणजे माझे पैसे बुडायचे नाहीत?"

हे मला येणार हे ठाऊक होतं.
शिक्का सांगतो, लिहिलं ते बदललेलं नाही.
लिहिलं ते खरं होतं का, हे त्याला विचारू नकोस.
मोइदुक्काने पहिल्याच दिवशी चुकून आठ लिहिले असते
तर शिक्क्याने आठच जपले असते, जिवापाड.
आणि नाण्याचा उद्याचा भाव?
तो ना यंत्राला माहीत, ना मला.

बराच वेळ तो गप्प. खाली एक ट्रेलर
पीं पीं करत मागे येतो, थांबतो.
सारंग माझा फोन ओढून घेतो,
"बघू, बायकोला लिहायचंय त्याचा शिक्का कसा दिसतो."
अंगठा अधांतरी. सुचत नाही.
शेवटी काहीच न लिहिता बटण दाबतो.

तरी शिक्का उमटतो.
ई तीन बी शून्य सी चार चार दोन,
आणि पुढे, पुरत्या चौसष्ट खुणा.

"बिघडलं वाटतं."
नाही रे. रिकाम्याचाही शिक्का असतो.
इथून दाब, दाभोळहून दाब, हाच.

तो खिशातली पावती पालथी घालतो,
एकेक खूण उतरवून घेऊ लागतो,
नवव्यावर चुकतो, खोडतो,
पुन्हा ई तीन बी शून्यपासून.